आवाजावर केलेला पाव

फूड प्रोसेसर घरात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "छान आहे. कपाटावर शोभेल." तो कपाटावरच राहिला, खोक्यासकट. आमच्याकडे चिरायचं ते विळीवर नाहीतर सुरीनं, मळायचं ते हातानं. कुणाची तक्रार नव्हती, म्हणून कुणी तो खाली काढला नाही.

तो दिला होता बेबीताईंनी, माझ्या नणंदेनं. दुसऱ्या गावी मोठ्या हॉस्पिटलात त्या मुख्य नर्स आहेत. तिथं म्हणे त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी अख्खा वॉर्ड चिडीचूप होतो. घरी मात्र त्या बेबीच.

सासूबाईंचा उभा जन्म शिवणकामात गेला. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. कोण कुठं सुटली आणि कुठं आटली हे नवऱ्यांच्या आधी सासूबाईंना कळायचं. मग त्यांची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, आणि नेमकी मधली. कापडाला मधोमध इस्त्रीचा डाग पडावा तसं दिसतं, असं त्या सांगायच्या. कडेकडेनं थोडा उजेड, खिडकी, दार एवढंच. माणसाचा चेहरा नाही आणि सुईचं भोक तर नाहीच नाही. आहे तेवढं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शिवणयंत्रावर चादर घातली आणि चारही कोपरे नीट खोचले.

"आता मीपण या घरातलं सामान झाले," त्या हसत म्हणाल्या. "मला पुसत जा अधूनमधून."

त्यानंतर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागल्या. बसूनच राहू लागल्या. बेबीताईंनी फोनवर ठरवूनच टाकलं, आईला मी घेऊन जाते. माझ्याकडे दिवसभराची बाई आहे, डोळ्यांचा विभाग आमच्याच हॉस्पिटलात आहे, तिथं ती नीट राहील. आमचे हे म्हणाले, आईला विचार. आणि सासूबाई "बरं" म्हणाल्या.

ते "बरं" मला फार लागलं. भाजीवाल्याशीसुद्धा चार वाक्यं भांडल्याशिवाय पिशवी न उचलणारी ही बाई. तिनं आपलं घर सोडायच्या गोष्टीला नुसतं "बरं" म्हणावं? मला त्या जायला नको होत्या. लग्न होऊन आले तेव्हा मला धड बटण टाकता येत नव्हतं आणि चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटायची. दोन्ही गोष्टी त्यांनी मला शिकवल्या, पहिली रागावून आणि दुसरी हसवून. पण लेक न्यायला आली असताना सुनेनं आडवं कसं यायचं? रोज देवापुढं बसले की म्हणायचे, त्यांना सुख वाटेल ते कर. आणि उठता उठता हळूच जोडायचे, पण इथंच वाटू दे.

अशात एका संध्याकाळी दुकानातला पाव खाता खाता त्या थांबल्या. "याला पाव म्हणतात? ही तर उशी आहे." मग त्यांना त्या जिथं शिवण शिकल्या ते दुकान आठवलं. तिथली मालकीण दुपारी लांबडा फ्रेंच ब्रेड मागवायची. मोडला की कडाकडा वाजायचा, त्याचा चुरा कापडावर उडायचा आणि सगळ्या मुलींना ओरडा बसायचा. "ओरडा खाऊनही खावासा वाटायचा, असा पाव," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. आतल्या पुस्तिकेत झटपट फ्रेंच ब्रेडची कृती होतीच. मैदा, मीठ, चिमूटभर साखर आणि यीस्ट भांड्यात घालून एकदा फिरवायचं. मग यंत्र चालू ठेवूनच वरच्या नळीतून कोमट पाण्याची धार सोडायची. मळणं बिळणं सगळं तेच करतं. भाजायला घरात जुना ओव्हन होताच.

मी बटण दाबलं. अशी घरघर झाली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"अगं, लिफ्ट आणून बसवलीस की काय घरात?" आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे घरातल्या कुठल्याही आवाजाचं खापर लिफ्टवर फुटतं.

मी पाणी ओतत होते. पुस्तिकेत बघू की भांड्यात बघू, काही सुचेना. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "थांब! जमलं ते."

मी घाबरून बटण बंद केलं. झाकण उघडून बघते तर खरंच, पात्याभोवती एक गुळगुळीत गोळा झालेला.

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"आवाज बदलला की. आधी रेती होती, मग चिखल झाला, मग काहीतरी धपाधप आपटायला लागलं. शिवताना कापड दुहेरी झालं की यंत्र असंच जड बोलतं." त्या उठून आल्या. मी गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला, ओढला, पुन्हा दाबला. कितीतरी दिवसांनी त्यांची बोटं काहीतरी शोधत होती. "हे काय गं! धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच."

पहिला पाव काठीसारखा झाला. ह्यांनी तो टेबलावर ठोकून बघितला आणि विचारलं, "दाराला अडसर म्हणून चालेल का?" दुसऱ्याला मी पाणी जास्त घातलं, तो पसरला. तिसऱ्यापासून सासूबाईंनी कारभार हातात घेतला. गोळा चपटा करायचा, काठ आत दुमडायचा, तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूनं दाबत न्यायचा, पुन्हा दुमडायचा. "ही तर साधी दुमड आहे, यात शिकायचं काय?" शेवटची कड चिमटीनं मिटवून त्या पाव उलटा करायच्या. "शिवण खाली. वर ठेवलीस तर उसवते." आणि भाजण्याआधी वरून तिरक्या चिरा द्यायच्या असतात, त्या द्यायला त्यांनी आपल्या शिवणाच्या डब्यातलं बटणांची काजं कापायचं ब्लेड मागितलं. माझा जीव टांगणीला. डाव्या हाताचा अंगठा कणकेवर टेकवून, त्याच्या नखाला लागून त्यांनी सर्रकन चीर ओढली. अंगठा सरकवला, दुसरी ओढली. "एवढी काजं केली, कधी बोट कापलेलं पाहिलंस माझं?"

मी पाहिलं नव्हतं. पण म्हणून काही मी गप्प बसत नव्हते. आई, डावीकडे. आई, जपून. आई, ओव्हन तापलाय. मीठ घातलं का? झाकण नीट बसवा, ते खटकन बसलं नाही तर यंत्र चालू होत नाही.

"तू काय बस मागे घेतेयस? येऊ द्या, येऊ द्या, थोडं आणखी," त्या एकदा वैतागून म्हणाल्या. "एक तरी पाव मला माझा करू दे की गं."

मी ओशाळून गप्प झाले आणि लगेच म्हणाले, "आई, पाणी सांडेल."

बेबीताई रविवारी येणार होत्या. सासूबाईंनी आदल्या दिवशी जाहीर केलं, "उद्याचा पाव मी करणार. सकाळीच. बेबीला खायला घालते आणि मग निघते." त्यांच्या बोलण्यात "निघते" आलं, आणि मी भाजी निवडता निवडता देठं ठेवली आणि पानं टाकून दिली.

आता सकाळचं सांगायला हवं. सकाळी अंघोळ झाल्यापासून जप संपेपर्यंत मी बोलत नाही. घरातली कामं चालू असतात, हात चालू असतात, मनात नाम चालू असतं, तोंड तेवढं बंद. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. मी नवी होते तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून चांगली आहे हो, पण सकाळची बंद असते." मग त्यांनीच माझ्याशी खाणाखुणांनी बोलायला सुरुवात केली. भुवया, बोटं, गाल फुगवणं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिना कशा चढतात ते त्या पोळपाटापाशी उभ्या राहून करून दाखवायच्या आणि मी तोंडावर हात दाबून हसायचे. आमच्या घरात मौन कधी मुकं नव्हतं.

रविवारी ह्यांना पहाटेच कुठल्याशा इमारतीतली अडकलेली लिफ्ट सोडवायला बोलावणं आलं. मी अंघोळ करून आले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. मैद्याचा डबा, वाटी, चमचा सगळं हातानं चाचपून त्यांनी ओळीत मांडलं होतं. मी दाराशीच थांबले. मदतीला जायचं तर बोलता येत नव्हतं, आणि न बोलता हातातलं काढून घेणं बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात बेल वाजली. बेबीताई पहिल्याच बसनं आल्या होत्या. चपला काढता काढता त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली.

"आई! अगं, तू पात्याच्या यंत्राशी काय करतेयस?"

"पाव करतेय. हात धुऊन ये आणि बाजूला उभी राहा."

"आणि वहिनी, तू बघत उभी आहेस?"

मी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हो, तुझं मौन," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आवाज खाली आणला. नर्सचा खालचा आवाज तो, सगळ्या वॉर्डाला ऐकू जातो. "त्याचंच तर आहे सगळं. आईनं मला बजावलंय, वहिनीला सांगू नकोस म्हणून. पण मी सांगणार."

"बेबे, तोंड आवर," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आवरत. वहिनी, दादा कामावर गेला की सकाळी घरात कुणीच नसतं, असं म्हणते ती. तू असतेस गं, मला माहितीय. पण तिला कुठं दिसतात आता तुझ्या खुणा? भांडं वाजलं तर समजायचं तू आहेस. नाही वाजलं तर नाहीस. परवा मला काय म्हणाली ठाऊक आहे? अर्धा तास वहिनीला गोष्ट सांगत होते, मग हात लावून बघितलं तर खुर्चीवर टॉवेल वाळत होता."

मनातलं नाम थांबलं. कितीतरी दिवस सकाळी मी त्यांच्या समोरून गेले होते, सवयीनं हसले होते, भुवया उडवल्या होत्या. त्या खिडकीकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, डोळ्यांच्या दुःखानं त्या अबोल झाल्या. मी मनाशी म्हणायचे, त्यांना उगाच छेडू नये. मी त्यांना जपत होते आणि त्या माझ्या नेमाला जपत होत्या, आणि या जपण्यातच त्या परगावी चालल्या होत्या.

देवाची समजूत मागाहून घालता येईल असं ठरवून मी तोंड उघडलं.

"बोलायचं नाही!" सासूबाईंची पाठ माझ्याकडे होती. "श्वास घेतलास तो ऐकला मी. माझ्यापायी तुझा नेम मोडला ना, तर मी आत्ताच्या आत्ता जाईन. पाव न खाता."

"मग तिनं करायचं तरी काय?" बेबीताई म्हणाल्या.

"तुम्ही दोघी मला काम करू द्या आधी."

त्यांनी मैदा मोजून घातला. मीठ, साखर, यीस्ट. झाकण ठेवलं, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. "मेलं की काय हे? आजच?" त्यांनी तार चाचपली, मागचं बटण चाचपलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. लेकीसमोर हे व्हावं याची त्यांना किती लाज वाटत असेल ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

बेबीताई पुढं झाल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

झाकण खटकन बसलं नव्हतं, एवढंच. एरवी मी दहादा सांगून मोकळी झाले असते. आता एक शब्द तोंडात होता आणि तो बाहेर काढायची मनाई खुद्द सासूबाईंनीच केली होती. मी ओट्यापाशी गेले आणि नखानं झाकणावर वाजवलं. टक टक.

सासूबाईंनी कान टवकारले. मग त्यांचा हात हळूहळू त्या आवाजाकडे आला.

"झाकण?"

मी एकदाच वाजवलं. टक.

त्यांनी झाकण फिरवलं. खटकन बसलं. पण बटण दाबायचं सोडून त्या तशाच उभ्या राहिल्या, हात झाकणावर.

"म्हणजे एकदा वाजवलंस की हो?"

टक.

"आणि नाही असलं की?"

टक टक.

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला कडेनं दिसत होता. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डाव्या गालात ती खळी पडली, जी कुणाची तरी फिरकी घेण्याआधी पडते. "बेबीनं केस रंगवलेत का गं?"

टक.

"वहिनी!"

"जाड झालीय?"

मी हात उचलला आणि तसाच धरला. नणंद शेजारी उभी. शेवटी वाजवलं, टक टक.

"उशीर लागला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे झालीय."

मी तोंडावर हात दाबला. हसू आतल्या आत एवढं उसळलं की डोळ्यांतून पाणी आलं. बेबीताई म्हणाल्या, "मी पहिल्या बसनं येते, उपाशी येते, आणि इथं हे!" पण त्यासुद्धा हसत होत्या.

मग पाव झाला, आवाजावर. यंत्र सुरू झालं, पाण्याची धार पडली, घरघर जड झाली आणि सासूबाईंनी नेमक्या वेळी बटण बंद केलं. बेबीताईंनी वाकून भांड्यात बघितलं आणि गोळा बोटानं दाबून पाहिला. गोळा झाकून ठेवला. तो फुगेपर्यंत माझी जपाला बसायची वेळ झाली होती. मी घुटमळले.

"जा, बस तू," सासूबाई म्हणाल्या. "आतल्या खोलीत आहेस हे ठाऊक असलं की झालं. तिथून नाही वाजवलंस तरी चालेल. एवढी काही मी कुक्कुलं बाळ नाही."

मी बसले. खरं सांगायचं तर जप नीट झाला नाही. बाहेर मायलेकींचं बोलणं चाललं होतं आणि माझं अर्धं लक्ष तिकडं होतं. मणी मात्र एकही सोडला नाही.

मी उठले तेव्हा दोन लांब पाव शिवण खाली करून भाजायच्या पत्र्यावर ठेवलेले होते, आणि सासूबाईंच्या हातात ब्लेड होतं. बेबीताईंनी डोळे मिटून घेतले होते. "दिवसभर टाके बघते मी," त्या पुटपुटल्या, "पण हे नाही बघवत." सर्रकन एक चीर, मग दुसरी. ओव्हनमध्ये खाली गरम पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं, वाफेसाठी. सासूबाईंनी जाड हातमोजे घातले आणि पत्रा उचलला. तो थोडा उजवीकडे जात होता. जप संपून मौन सुटलं होतं, तरी बोलायच्या ऐवजी मी ओट्यावर वाजवलं, टक टक. त्या थांबल्या, डावीकडे सरकल्या. टक. पत्रा आत गेला.

थोड्या वेळानं घरभर वास पसरला. जिन्यातून कुणीतरी मोठ्यानं विचारलंही, "काय भाजताय हो?"

मौन सुटूनही मी अजून बोलले नव्हते. उगाच ओटा पुसत राहिले.

"बोल आता," सासूबाई म्हणाल्या. "वेळ झालीय तुझी."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"काय सांगू? सून देवाशी बोलते आणि माझ्याशी बोलत नाही, ही तक्रार करायची तरी कुणाकडे?"

"माझ्याकडे करायची."

"तुझ्याकडे केली असती तर तू नेम सोडला असतास. मला ओळखू येत नाहीस होय तू?" त्या खुर्चीत टेकल्या. "बाई, मला काही डोळ्यांचं एवढं नव्हतं. सकाळी उठावं आणि घर रिकामं वाटावं, त्याचं होतं. रिकाम्या घरापेक्षा बेबीकडची बाई बरी, असं वाटलं."

बेबीताई ओव्हनच्या काचेपाशी बसल्या होत्या. वळून न बघताच म्हणाल्या, "म्हणजे तू येत नाहीस."

सासूबाईंनी मान हलवली. "नाही गं. इथं मला कळतंय आता कोण कुठं आहे ते."

"मी खोली लावून ठेवलीय तुझ्यासाठी. खिडकीपाशी खुर्चीसुद्धा ठेवलीय." अख्खा वॉर्ड गप्प करणाऱ्या बाईचा आवाज अगदी शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. "मला नाही का आई हवी असत?"

हे आम्ही कुणीच हिशेबात धरलं नव्हतं. मी आपली सगळा वेळ माझं काय जातंय तेवढंच बघत होते.

सासूबाई उठल्या, ओट्याचा काठ धरून तिकडं गेल्या आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "खोली मोडू नकोस. अधूनमधून येईन ना, पाहुणी म्हणून. चांगली पंधरा दिवस राहीन. हे यंत्रही घेऊन येईन."

"आणि सकाळी तिथं तुला एकटं वाटलं म्हणजे?"

"तू आहेस ना. तुला गप्प बसवायला कुठला देव येतोय?"

पाव बाहेर काढला. निवायला हवा असं पुस्तिकेत होतं, पण बेबीताई पहिल्या बसनं उपाशी आल्या होत्या. सासूबाईंनी तो हातातच मोडला. कडाकडा वाजला आणि चुरा टेबलभर उडाला. आम्हाला ओरडायला कुणी नव्हतं. बेबीताईंनी मोठा तुकडा घेतला आणि त्या खाली मान घालून खाऊ लागल्या.

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. "बेबे, नाक ओढतेयस ते रडतेयस म्हणून की पाव कडक झालाय?"

"कडक झालाय," बेबीताई म्हणाल्या आणि आणखी एक तुकडा मोडून घेतला.